एका लेअरपुरता कॅमेरा रॉ: फोटोशॉपच्या फिल्टरचा रिव्ह्यू

कॅमेरा रॉ म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या (रॉ) फाईलचा उजेड, रंग आणि धार सुधारायची फोटोशॉपची खिडकी. तिचं फिल्टरचं रूप, कॅमेरा रॉ फिल्टर, फोटोशॉपमध्ये आलं ते जून २०१३ मध्ये, फोटोशॉप सीसीच्या पहिल्या आवृत्तीबरोबर. त्याआधी कॅमेरा रॉचे स्लायडर वापरायचे तर फाईल उघडतानाच काय ते उरकून घ्यावं लागे, नाहीतर रॉ फाईल स्मार्ट ऑब्जेक्ट (मूळ फोटो शाबूत ठेवणारं लेअरचं वेष्टन) म्हणून आणण्याचा वळसा घ्यावा लागे. फिल्टर आल्यावर तेच स्लायडर कुठल्याही लेअरवर, म्हणजे फोटोतल्या एकावर एक ठेवलेल्या थरांपैकी कुठल्याही एकावर, चालू लागले. जेपेग असो, स्कॅन असो, कापून आणलेली नवरा-नवरी असो, लेअर निवडायचा आणि शिफ्ट + कंट्रोल + ए दाबायचं. मॅकवर कंट्रोलच्या जागी कमांड.

फिल्टर उत्तम आहे. आतलं इंजिन लाइटरूमच्या डेव्हलपमध्ये असतं तेच. पण एक गोष्ट त्याला दिसत नाही, ती म्हणजे शेजारचे लेअर. खिडकी उघडली की तुम्हाला फक्त निवडलेला लेअर दिसतो. खालची पार्श्वभूमी, उजेड-रंग जुळवणारे वरचे कर्व्ह्‌ज, लेअरचा ब्लेंड मोड (खालच्या थरात मिसळायची रीत), यातलं काहीही तिथे नसतं. या फिल्टरची निम्मी गाऱ्हाणी याच एका कारणातून निघतात, आणि हे नीट ध्यानात ठेवलं तर बाकीचं सगळं सोपं आहे.

आधी स्मार्ट ऑब्जेक्ट, मग फिल्टर

साध्या पिक्सेल लेअरवर फिल्टर लावला की तो थेट पिक्सेलवर बसतो. ओके दाबल्यावर हिस्टरी पॅनेलमधून मागे जाता येतं तेवढंच. फाईल बंद करून उघडली की तेही नाही. पुन्हा फिल्टर उघडला तर सगळे स्लायडर शून्यावर दिसतात, कारण फोटोशॉपच्या लेखी तो आता नवाच फोटो आहे.

म्हणून लेअरच्या नावावर राइट क्लिक करून कन्व्हर्ट टू स्मार्ट ऑब्जेक्ट करा, किंवा फिल्टर मेनूतून कन्व्हर्ट फॉर स्मार्ट फिल्टर्स घ्या. दोन्ही एकच. त्यानंतर लावलेला फिल्टर लेअरखाली ओळीत दिसतो. नावावर डबल क्लिक केलं की आधीच्या आकड्यांसह खिडकी उघडते. उजवीकडच्या छोट्या चिन्हावर डबल क्लिक केलं की फिल्टरचा स्वतःचा ब्लेंड मोड आणि ओपॅसिटी मिळते. हे चिन्ह बरेच जण कधी उघडतच नाहीत, आणि खरी मजा तर तिथेच आहे. क्लॅरिटी (मधल्या छटांचा उठाव) आणि कॉन्ट्रास्ट वाढवल्यावर त्वचा लालसर, शालू भडक वाटायला लागला तर फिल्टरचा मोड ल्युमिनॉसिटी करा: उजेडाचा फरक राहतो, रंग मूळचे राहतात. उलट फक्त व्हाइट बॅलन्स बदलायचा असेल तर मोड कलर ठेवा. जरा जास्तच झालंय असं वाटलं तर स्लायडरशी झटापट न करता ओपॅसिटी ७० वर आणा, बहुतेक वेळा तेवढ्यानं भागतं.

इथे नवशिके हमखास एका ठिकाणी चुकतात. आकडे बदलायचे म्हणून ते पुन्हा मेनूत जाऊन कॅमेरा रॉ फिल्टर निवडतात. त्यानं जुना फिल्टर उघडत नाही, त्याच्यावर दुसरा चढतो. लेअरखाली एकाच नावाच्या तीन ओळी दिसत असतील तर हेच झालेलं असतं. स्मार्ट फिल्टर खालून वर लागतात, म्हणजे दुसऱ्या फिल्टरला पहिल्यानं आधीच दाबलेले हायलाइट मिळतात. त्यातून काही परत येत नाही, नुसता राखाडीपणा वाढतो. बदल करायचा तर नेहमी ओळीतल्या नावावर डबल क्लिक.

दुसरी अडचण मास्कची. लेअरला आधीच मास्क (नको तो भाग झाकणारा पडदा) असेल आणि तुम्ही त्याला स्मार्ट ऑब्जेक्ट केलंत, तर मास्क आत जातो. बाहेरून तो हाताशी राहत नाही. कडा सुधारायची झाली की थंबनेलवर डबल क्लिक करून आतली फाईल उघडा, मास्क रंगवा, सेव्ह करा, परत या. वैताग आहे. क्रम उलटा ठेवा: आधी स्मार्ट ऑब्जेक्ट, मग सिलेक्शन, मग मास्क.

याला एक परिणाम चिकटलेला आहे. मास्क बाहेर असला की फिल्टरला अख्खा मूळ फोटो दिसतो, कापून टाकलेल्या भागासकट. क्लॅरिटी आणि धूसरपणा घालवणारा डीहेझ आजूबाजूच्या पिक्सेलकडे बघून काम करतात. मूळ फोटोत डोक्यामागे पांढरं आकाश असेल तर केसांच्या कडेला त्या आकाशाचा प्रभाव उमटतो, आणि नवी पार्श्वभूमी गडद असली की केसांभोवती विचित्र कडी दिसते. अशा वेळी क्लॅरिटी १५ च्या आत ठेवा, किंवा फिल्टरच्या मास्कवर मऊ काळ्या ब्रशने कडेची पट्टी झाका.

फिल्टरचा मास्क की फिल्टरमधले मास्क

फिल्टर लावताना सिलेक्शन चालू असेल तर ते आपोआप फिल्टरचा मास्क बनतं. सोयीचं आहे. मात्र एका लेअरवरच्या सगळ्या स्मार्ट फिल्टरांना मिळून एकच मास्क असतो. चेहऱ्यासाठी एक फिल्टर आणि साडीसाठी दुसरा, दोघांना वेगळे मास्क, असं करता येत नाही. त्यासाठी दोन वाटा. एक, स्मार्ट ऑब्जेक्टला पुन्हा स्मार्ट ऑब्जेक्ट करून त्यावर दुसरा फिल्टर आणि त्याचा मास्क. दुसरी, फिल्टरच्या आतलं मास्किंग पॅनेल.

हे पॅनेल ऑक्टोबर २०२१ मध्ये आलं आणि फिल्टरचं वजन त्यानंतर खरं वाढलं. सिलेक्ट सब्जेक्ट, स्काय, ब्रश, लिनिअर आणि रेडियल ग्रेडियंट, कलर आणि ल्युमिनन्स रेंज, हे सगळं लेअरवरच्या फिल्टरमध्येही मिळतं. मंगल कार्यालयातल्या फोटोंवर तर ही मोठी सोय आहे. स्टेजवर निळसर एलईडी, मंडपात पिवळे दिवे, आणि चेहऱ्यावर फ्लॅश: एकाच लेअरमध्ये तीन उजेड. तिथे निळ्या भागासाठी कलर रेंजचा मास्क काढून टेंपरेचर +१८ ते +२५, सॅच्युरेशन −१५, आणि त्याच मास्कमधून सिलेक्ट सब्जेक्ट वजा करायचा, म्हणजे नवरीचा चेहरा नारिंगी होत नाही. वजा करण्याची ही सोय कमालीची उपयोगी आहे आणि वापरली मात्र फार कमी जाते.

हळदीच्या फोटोंसाठी कलर मिक्सरपेक्षा पॉइंट कलर बरा. हा ऑक्टोबर २०२३ पासूनचा. मिक्सरमध्ये पिवळा खाली आणला की हळदीबरोबर झेंडूची माळ आणि साडीची जरही मरते. पॉइंट कलरमध्ये गालावरच्या हळदीचा नमुना उचला, रेंज ३० च्या आसपास आणा, आणि सॅच्युरेशन −१० ते −१५ एवढंच कमी करा. हळद दिसली पाहिजे, कावीळ नको.

आतल्या मास्कची एक बाजू लंगडी आहे. स्मार्ट ऑब्जेक्टमधला मजकूर बदलला, म्हणजे आत जाऊन फोटो सरकवला किंवा माणूस पुसला, तर सब्जेक्टचे मास्क नव्यानं काढून घ्यावेत. फिल्टर ऑल्ट दाबून दुसऱ्या लेअरवर ओढला की त्याची नक्कल होते, हे छान; पण त्या नकलेतले मास्क पहिल्या फोटोसाठी काढलेले असतात. नक्कल करायची तर रंग, उजेड, शार्पनिंग यांची करा, मास्क पुन्हा काढा.

शेजार दिसत नाही, त्यावर उपाय

समजा, जोडप्याचा फोटो स्टुडिओत फ्लॅशवर काढलाय आणि मागे गोव्यातल्या देवळाची पांढरी दीपमाळ, संध्याकाळच्या उन्हातली. जोडप्याच्या लेअरला कॅमेरा रॉ फिल्टर लावला की दीपमाळ दिसेनाशी होते आणि तुम्ही अंदाजपंचे टेंपरेचर वाढवत बसता. ओके, बघा, परत उघडा, पुन्हा ओके. दहा मिनिटं अशीच जातात.

यापेक्षा आकडे लिहून घ्या. फिल्टर उघडण्यापूर्वी इन्फो पॅनेलमध्ये दीपमाळेच्या उजळ बाजूचं आरजीबी वाचा. समजा ते २३१, २१४, १९० आलं. म्हणजे तिथला पांढरा रंग लाल-निळ्यात सुमारे ४० चा फरक घेऊन बसलाय. आता फिल्टर उघडून नवऱ्याच्या पांढऱ्या कुर्त्यावर माउस न्या. हिस्टोग्रामजवळ आकडे दिसतात. तिथे २३६, २३६, २३८ असेल तर टेंपरेचर उजवीकडे सरकवत लाल-निळ्याचा फरक तीसच्या घरात आला की थांबा, आणि हिरवा मधोमध राहील असा टिंट लावा. पूर्ण चाळीस गाठू नका. माणसाची त्वचा भिंतीपेक्षा लवकर पिवळी वाटते. मग पार्श्वभूमीतली सर्वांत गडद सावली वाचा. ती २८, २६, ३४ असेल आणि जोडप्याच्या काळ्या केसांत ६, ६, ७ असेल, तर जोडपं कापून चिकटवल्यासारखं दिसणारच. ब्लॅक्स थोडे वर घ्या, डीहेझ −४ ते −८ द्या. संध्याकाळच्या हवेतला धूसरपणा लेअरवर आणायचा सर्वांत जलद मार्ग हाच.

टेंपरेचरच्या आकड्यांबद्दल एक स्पष्टीकरण. रॉ फाईलवर हे केल्व्हिनमध्ये असतं: ५५००, ३२०० वगैरे. फिल्टरमध्ये केल्व्हिन नाही, −१०० ते +१०० असं सापेक्ष माप आहे, कारण लेअरला कॅमेऱ्याचं मूळ व्हाइट बॅलन्स ठाऊक नसतं. युट्यूबवर पाहून ५२०० टाकायला जाल तर ती जागाच सापडणार नाही.

दुसरा उपाय: दोन्ही लेअर निवडून एकत्र स्मार्ट ऑब्जेक्ट करा आणि त्यावर एक फिल्टर लावा. शेवटचा रंग, डोळ्यांना एकजीव वाटणारा सूर, याच्यासाठी हेच बरोबर. वेगवेगळ्या लेअरना जुळवायचं काम मात्र आमच्या मते फिल्टरवर टाकूच नये. क्लिपिंग मास्क लावलेला, म्हणजे फक्त खालच्या एकाच लेअरवर चालणारा, कर्व्ह्‌जचा ॲडजस्टमेंट लेअर सगळे लेअर समोर ठेवून काम करू देतो. फिल्टरने लेअरच्या आतलं दुरुस्त करावं, म्हणजे धूसरपणा, पोत, एखादा नको तो रंग, आणि लेअरांचं एकमेकांशी जमवणं कर्व्ह्‌जवर सोडावं.

रॉ म्हणवतो, पण रॉ नाही

नावामुळे गैरसमज होतो. फिल्टरला मिळणारा लेअर आधीच शिजलेला असतो: व्हाइट बॅलन्स बसलाय, गॅमा लागलाय, पांढरं झालेलं पांढरं होऊन गेलंय. लग्नातल्या फ्लॅशने कपाळावर २५५ गाठलं असेल तर हायलाइट −१०० केल्यावर तिथे तपशील येत नाही, मळकट राखाडी चट्टा येतो. आठ बिटच्या लेअरमध्ये प्रत्येक चॅनेलला २५६ पायऱ्या; सोळा बिटमध्ये फोटोशॉप ३२,७६९ वापरतो. संध्याकाळच्या आकाशावर डीहेझ +३० दिलं की आठ बिटमध्ये पट्टे पडतात, सोळात सहसा नाही. मात्र जेपेग उघडून नंतर मोड सोळा बिट केल्यानं हरवलेल्या पायऱ्या परत येत नाहीत. पुढची मोडतोड थोडी कमी होते, एवढंच.

रॉ फाईल हाताशी असेल तर फिल्टरकडे वळण्याचं कारणच नाही. कॅमेरा रॉमध्ये फाईल उघडून शिफ्ट धरा, ओपन बटणाचं ओपन ऑब्जेक्ट होतं. आता लेअरच्या थंबनेलवर डबल क्लिक केलं की खरीखुरी रॉ उघडते, केल्व्हिनसकट, कॅमेरा प्रोफाइलसकट. एकाच रॉचे दोन लेअर, एक आकाशासाठी आणि एक जमिनीसाठी, हवे असतील तर कंट्रोल + जे वापरू नका. त्या नकला आतून जोडलेल्या असतात. एकीचं एक्स्पोजर बदललं की दुसरीचंही बदलतं. लेअरवर राइट क्लिक करून न्यू स्मार्ट ऑब्जेक्ट व्हाया कॉपी घ्या. ही एक ओळ माहीत नसल्यामुळे अनेक जण रॉ स्मार्ट ऑब्जेक्टच सोडून देतात.

फिल्टरमध्ये नसलेल्या गोष्टी: क्रॉप नाही, कॅमेऱ्याचे प्रोफाइल नाहीत (कलात्मक प्रोफाइल आहेत), लेन्सचं प्रोफाइल नाही. ऑप्टिक्समध्ये हाताने करायचं डिस्टॉर्शन, कडेचे जांभळे-हिरवे धागे काढायची सोय आणि व्हिनेट आहे. लेन्सचं प्रोफाइल हवंच असेल तर फोटोशॉपचाच वेगळा लेन्स करेक्शन फिल्टर आहे. एप्रिल २०२३ मध्ये आलेला एआय डीनॉइज सेन्सरच्या कच्च्या मोझेक डेटासाठी बनवलेला होता, म्हणून नॉइज फार असेल तर ते काम रॉवर आधी करून मगच लेअरांकडे या. फिल्टरमधलं हातचं नॉइज रिडक्शन मोबाइलच्या फोटोंना पुरतं. ल्युमिनन्स २५ च्या वर गेलात की चेहरे मेणाचे होतात.

शार्पनिंगही इथे वेगळं वागतं. रॉ उघडताना ते मुळातच ४० वर असतं, फिल्टरमध्ये शून्यावर. रॉमधून आलेल्या लेअरवर पुन्हा ४० दिलंत तर ते दुप्पट झालं. मास्किंगचा स्लायडर ऑल्ट धरून ओढा, पांढरं दिसेल तिथेच धार लागणार आहे. पोर्ट्रेटला ७० ते ८५ ठेवलं की गालांना धक्का लागत नाही.

जिओमेट्री (फोटो सरळ करायचं) पॅनेल लेअरवर वापरताना दोनदा विचार करा. फिल्टर पिक्सेल हलवतो. वरचा हीलिंगचा लेअर आणि बाहेरचा मास्क जागच्या जागी राहतात. वाड्याचे खांब सरळ होतात आणि पुसलेली विजेची तार अर्धवट पुन्हा डोकावते. सरळ करायचं काम सर्वांत आधी, बाकी सगळं नंतर.

ग्रेनबद्दल एकच. तो प्रत्येक लेअरवर वेगळा देऊ नका. सगळ्यात वर ५० टक्के राखाडीचा लेअर घ्या, स्मार्ट ऑब्जेक्ट करा, मोड ओव्हरले ठेवा आणि कॅमेरा रॉ फिल्टरमधून ग्रेन १५ ते २५ द्या. कापून आणलेला माणूस आणि पार्श्वभूमी यांचा पोत एक वाटू लागतो, आणि नको असेल तेव्हा लेअरसमोरच्या डोळ्याच्या चिन्हावर क्लिक करून बंद.

मशीन, फाईल आणि छपाई

अल्बमचं १२ × ३६ इंचांचं पान ३०० डीपीआयला म्हणजे ३६०० × १०८०० पिक्सेल, जवळपास ३.९ कोटी. सोळा बिटमध्ये असा एकच भरलेला लेअर २३० एमबीच्या पुढे जातो. प्रत्येक स्मार्ट ऑब्जेक्ट आपली मूळ फाईल पोटात ठेवतो, आणि वर फिल्टरचा निकालही साठवावा लागतो. चार-पाच लेअरांत पीएसडीची २ जीबीची मर्यादा जवळ येते. तेव्हा मोठ्या फाईलींसाठीच्या पीएसबीमध्ये सेव्ह करा. ८ जीबी रॅमच्या मशीनवर पाचव्या स्मार्ट फिल्टरनंतर पंखा बोलायला लागतो. फ्री ट्रान्सफॉर्म करताना फिल्टर तात्पुरते बंद होत असल्याची सूचना आली तर घाबरू नका, एंटर दाबल्यावर ते परत लागतात.

लेअर लहानमोठा केला की फिल्टर नव्या आकारावर पुन्हा लागतो, पण शार्पनिंगची त्रिज्या, टेक्श्चर, ग्रेन हे तेच आकडे धरून. अल्बमच्या पानाला इमेज साइजने थेट १०८० पिक्सेलवर आणलंत तर इन्स्टाग्रामवर चेहरे करकरीत, ग्रेन वाळूसारखा दिसतो. आधी डुप्लिकेट काढा, फ्लॅटन करा, मग आकार कमी करा.

छपाईच्या चार शाईंच्या सीएमवायके मोडमध्ये फिल्टर चालत नाही, मेनूतलं नाव फिकं दिसतं. बहुतेक अल्बम लॅब एसआरजीबी जेपेगच मागतात, तिथे प्रश्न नाही. पत्रिका किंवा फ्लेक्सचं काम सीएमवायकेत असेल तर फोटो आरजीबी स्मार्ट ऑब्जेक्ट म्हणून ठेवा आणि फिल्टर त्याच्या आत, म्हणजे थंबनेलवर डबल क्लिक करून उघडणाऱ्या फाईलमध्ये लावा. ती फाईल आरजीबीच राहते, फिल्टर शाबूत. मोड बदलताना फोटोशॉप रास्टराइज करू का विचारतो, तिथे नाही म्हणायचं.

फोटोशॉप बनवणाऱ्या अडोबीचा महिन्याचा हप्ता फक्त या फिल्टरसाठी भरू नये, असं आमचं सरळ मत आहे. ज्यांचं काम एका फोटोवर एक दुरुस्ती एवढंच आहे त्यांना लाइटरूम पुरतं. ऍफिनिटी या दुसऱ्या फोटो-प्रोग्राममध्ये साध्या पिक्सेल लेअरवर डेव्हलप पर्सोना (त्याचा रॉ-दुरुस्तीचा विभाग) चालतो खरा, पण बदल पिक्सेलवर कायमचे बसतात. २०२२ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून रॉ फाईल मात्र लेअर म्हणून ठेवून पुन्हा उघडता येते. मार्च २०२५ च्या गिंप ३ मध्ये लेअरवरचे फिल्टर नंतर बदलता येतात, हे इतक्या वर्षांनी का होईना आलं. रॉसाठी त्याला डार्कटेबल किंवा रॉथेरपी या वेगळ्या रॉ-प्रोग्रामांचा आधार लागतोच. ऍफिनिटी आणि गिंप या दोन्हींत कॅमेरा रॉ फिल्टर नाही, त्यामुळे फोटोशॉपमधून पाठवलेल्या पीएसडीतले तुमचे स्लायडरचे आकडे तिथे उघडून बदलता येणार नाहीत. फाईल बाहेरच्या डिझायनरकडे जाणार असेल तर त्याच्याकडे फोटोशॉप आहे का ते आधी विचारा. नसेल तर फिल्टर लावलेल्या लेअरची रास्टराइज केलेली नक्कल शेजारी ठेवून पाठवा, आणि मूळ स्मार्ट ऑब्जेक्टवाली फाईल आपल्याकडे.